व्हिडिओची कापाकाप : कुणाला कोणती कात्री?

मैत्रिणींनो, या सदराकडे येणारी पत्रे बहुधा कुकरच्या रबराची, लोकरी कपड्यांना लागणाऱ्या कसरीची आणि मुलांच्या अभ्यासाची असतात. पण गेल्या काही आठवड्यांत एकच प्रश्न निरनिराळ्या गावांहून आला : "व्हिडिओ एडिटिंगसाठी सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?" प्रश्न साधा दिसतो खरा, पण तो "सगळ्यात चांगलं भांडं कोणतं?" या जातीचा आहे. पुरण आटवायला जाड बुडाचे पातेले लागते, भाकरीला तवा लागतो, आणि एकटीच्या चहासाठी कुणी पंगतीचे पातेले गॅसवर चढवत नाही.

तेव्हा नावे सांगण्याआधी मी तुम्हालाच तीन गोष्टी विचारते. काम कुणासाठी आणि किती वेळा करायचे आहे? ते कोणत्या यंत्रावर करणार? आणि ते यंत्र घरात कुणाच्या ताब्यात असते? सॉफ्टवेअरची तुलना करणाऱ्या लेखांत हा तिसरा प्रश्न सहसा नसतो, पण आपल्यापुरता तोच पहिला.

का ते सांगते. सोलापूरकडच्या एका भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. त्या शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी करून विकतात. चटणी कुटतानाचे, डबे भरतानाचे मिनिट-दीड मिनिटाचे व्हिडिओ त्या मोबाइलवर घेत, आणि पुतण्या ते आपल्या लॅपटॉपवर जोडून, वर नाव-किंमत घालून देई. त्यावर पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी येऊ लागल्या. यंदा पुतण्याला बंगळूरला नोकरी लागली. लॅपटॉप त्याच्याबरोबर गेला. महिन्याच्या पैशांवर चालणारे सॉफ्टवेअर त्याच्या नावावर, जुनी सगळी कामे त्यातच. शेंगदाणे महागले म्हणून किंमत बदलायची, तर जुन्या व्हिडिओवरचा आकडा बदलायलाही बाईंच्या हातात काही नाही. "तो फोनवर हो म्हणतो, पण नोकरी नवी, त्याला तरी किती वेळा सांगू? घरात म्हणतात, आता पुरे झाले व्हिडिओ," असे त्या लिहितात. चटणीच्या पैशांतून त्यांनी चाळीस हजार बाजूला ठेवले आहेत. त्यातून कोणता लॅपटॉप आणि कोणते सॉफ्टवेअर घेऊ, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, ते चाळीस हजार बँकेतच राहू द्या. मिनिटभराचा व्हिडिओ, तोही लोक मोबाइलवरच बघणार, हे काम मोबाइलवर उत्तम होते. दोन-तीन दुपारी लागतील शिकायला. पण आधी हे सॉफ्टवेअर नेमके करते काय, ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा अडणार नाही.

पूर्वी संकलन म्हणजे खरोखरीची कापाकाप होती. फिल्मची पट्टी कापायची, नको तो तुकडा बाजूला टांगायचा आणि हवे ते तुकडे एकमेकांना चिकटवायचे. १९८९ मध्ये 'अ‍ॅव्हिड' बाजारात आले, संगणकावरचे संकलन हळूहळू रुळले आणि कात्री गेली. कापणे हा शब्द तेवढा राहिला. (हे काम पुरुषांचेच, असे तुमच्या घरात कुणाला वाटत असेल तर रेणू सलुजा हे नाव सांगा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या. 'जाने भी दो यारों' आणि 'परिंदा'चे संकलन त्यांचे. संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना चार वेळा मिळाला.)

आता आपण कापतो तेव्हा मूळ चित्रणाला धक्का लागत नाही. सॉफ्टवेअर नुसते टिपण करून ठेवते : या फायलीतला तिसऱ्यापासून नवव्या सेकंदापर्यंतचा भाग घ्या, त्यापुढे तो दुसरा जोडा, वर ही अक्षरे दाखवा. या टिपणाला प्रोजेक्ट म्हणतात. पाककृतीचे चिठोरेच म्हणा ना. मूळ चित्रण म्हणजे डब्यातले जिन्नस, आणि शेवटी जी फाइल बाहेर काढून आपण सगळ्यांना पाठवतो तो तयार पदार्थ. शिजलेल्या भाजीतले मीठ जसे काढता येत नाही, तसा तयार व्हिडिओवरचा आकडा पुसता येत नाही. त्यासाठी चिठोरे आणि जिन्नस दोन्ही जवळ हवेत. आणि एका सॉफ्टवेअरचे चिठोरे दुसऱ्याला बहुधा वाचताच येत नाही. मोबाइलमध्ये जागा करायची म्हणून पुष्कळजणी गॅलरीतले मूळ व्हिडिओ पुसतात आणि मग प्रोजेक्ट उघडला की रिकाम्या काळ्या चौकटी दिसतात, त्या यामुळेच.

तेव्हा सोलापूरच्या ताईंनी पुतण्याकडून दोनच गोष्टी मागवाव्यात : मूळ चित्रणाच्या सगळ्या फायली, आणि ज्यांवर किंमत नाही अशा तयार प्रती. एका पेनड्राइव्हचे काम आहे. बाकी नव्याने करणे सोपे.

आता मोबाइलवरच्या कात्र्या. अँड्रॉइड फोन असेल तर 'व्हीएन', 'इनशॉट' आणि 'काइनमास्टर' ही तीन नावे ऐकू येतील. काइनमास्टर दक्षिण कोरियातले, जुने आणि भरपूर सोयींचे आहे. एकावर एक चित्रांचे थर चढवायचे, पडद्याच्या कोपऱ्यात दुसरा व्हिडिओ ठेवायचा, तर त्यात हात छान बसतो. पण फुकट वापरले तर तयार व्हिडिओवर त्याच्या नावाचा शिक्का येतो. इनशॉटचेही तसेच, शिक्का काढायचा तर जाहिरात पाहा नाहीतर पैसे भरा. व्हीएनमध्ये फुकटातही शिक्का येत नाही आणि मांडणी बरीचशी मोठ्या सॉफ्टवेअरसारखी असल्याने पुढेमागे लॅपटॉपवर गेलात तर शिकलेले वाया जात नाही. चटणीवाल्या ताईंना मी व्हीएनच सुचवेन. ज्यांचा सगळा व्यवहार इन्स्टाग्रामवरच आहे त्यांच्यासाठी 'एडिट्स' नावाचे अ‍ॅप त्याच कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये काढले, त्यालाही शिक्का नाही. आयफोन असेल तर 'आयमूव्ही' फुकट मिळते. त्यात फार करामती होत नाहीत, पण म्हणूनच गोंधळही होत नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाई, वय वर्षे एकाहत्तर, त्यावर नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ जोडतात.

परदेशातली नणंद किंवा भाचरे 'कॅपकट'चे गुणगान करतील. ते वापरायला सोपे आहे यात शंका नाही, पण भारतात ते अधिकृतपणे मिळत नाही. कुणीतरी पाठवलेल्या फायलीवरून आडवाटेने फोनमध्ये बसवू नका. त्या फायलीत आणखी काय दडले आहे कोण जाणे, आणि त्याच फोनवर तुमचे बँकेचे अ‍ॅप असते. शिवाय अशी अ‍ॅप एका रात्रीत जाऊ शकतात. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यात 'टिकटॉक'बरोबर 'व्हिवाव्हिडिओ' हे एडिटिंगचे अ‍ॅपही होते. आणि जानेवारी २०२५ मध्ये खुद्द अमेरिकेतही कॅपकट काही काळ बंद पडले होते. तयार झालेला प्रत्येक व्हिडिओ लगेच बाहेर काढून ठेवा, म्हणजे अ‍ॅप राहो की जावो.

शिकताना सगळी बटणे दाबत बसू नका. दोन्ही टोके कापणे, तुकडे पुढे-मागे करणे, पंख्याचा आणि मिक्सरचा आवाज बंद करणे, वर आपला आवाज भरणे आणि अक्षरे टाकणे, इतके आले की नव्वद टक्के गरज भागते. फुले उमलत एक दृश्य जाऊन दुसरे यावे असली सजावट मला तरी लग्नाच्या अल्बममध्येच बरी वाटते. आणि पहिले चित्रण करण्याआधी एक ठरवा : उभे की आडवे? मोबाइलवर रील म्हणून दाखवायचे तर फोन उभा, घरच्या टीव्हीवर सगळ्यांनी बसून बघायचे तर आडवा. हे मागून बदलायला गेले की माणसांची डोकी तरी कापली जातात नाहीतर बाजूला काळे पट्टे येतात.

आता जी गोष्ट इंग्रजी लेखांत सापडायची नाही, ती सांगते. कोणतेही सॉफ्टवेअर घेण्याआधी, आणि पैसे भरण्याआधी तर नक्कीच, त्यात मराठी अक्षरे टाकून पाहा. 'श्रीमती', 'विद्यार्थी', 'किंमत' आणि 'दुसऱ्या' हे चार शब्द मी नेहमी लिहून पाहते. पुष्कळ ठिकाणी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे बसण्याऐवजी मागे जाऊन बसते, रफार भलत्याच डोक्यावर चढतो, जोडाक्षर फुटून पाय मोडलेली अक्षरे ओळीने उभी राहतात. 'दुसऱ्या'मधला ऱ्य तर आपला खास मराठी. हिंदीपुरती सोय केलेल्या ठिकाणी हमखास तोच फसतो. तुमच्या डब्यावरचे नाव असे मोडके दिसले तर गिऱ्हाईक चटणीबद्दलही शंका घेईल. कधीकधी दोष सॉफ्टवेअरचा नसून अक्षरवळणाचा असतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे टंक फुकट मिळतात आणि त्यांत जोडाक्षरे नीट येतात. ते घालून पुन्हा पाहावे. अ‍ॅडोबच्या 'प्रीमियर'सारख्या महागड्या सॉफ्टवेअरमध्येही देवनागरीसाठी सेटिंगमध्ये जाऊन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हा पर्याय निवडावा लागतो. काही केल्या जमलेच नाही, तर शब्द दुसरीकडे लिहून त्याचे चित्र करायचे आणि ते चित्र व्हिडिओवर ठेवायचे. थोडा द्राविडी प्राणायाम आहे, पण अक्षरे शाबूत राहतात.

पैशांचेही एकदा बोलू. सात दिवस फुकट म्हणून तुम्ही बोट टेकवता आणि आठव्या दिवसापासून खात्यातून रक्कम जाऊ लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे आपोआप पैसे कापण्याआधी निदान २४ तास सूचना यावी लागते, पण ती ज्याचा नंबर खात्याला जोडलेला त्याच्या फोनवर जाते, म्हणजे बहुतेक घरांत 'ह्यांच्या'. मग संध्याकाळी चहाबरोबर विचारणा होते, "हे कसले पैसे?" आणि तिथेच कितीतरी जणींचे शिकणे थांबते! नुसते अ‍ॅप फोनमधून काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबत नाही, बरं का. प्ले स्टोअरमध्ये 'सबस्क्रिप्शन' या सदराखाली जाऊन ती रद्द करावी लागते, आणि यूपीआयवरून ऑटोपे लावले असेल तर त्या अ‍ॅपमध्येही पाहावे. वर्षाचा करार करून दरमहा हप्ता भरायचा असा काही मोठ्या सॉफ्टवेअरचा प्रकार असतो. तो मध्येच सोडला तर दंड बसतो. आपल्या कमाईवर चालणाऱ्या कामासाठी वर्गणी भरायचीच झाली तर ती आपल्या खात्यातून, आपल्या ईमेलवर आणि आपल्या नंबरवर भरा. पुतण्या, भाऊ, मुलगा कितीही गुणी असला तरी.

मोबाइल कुठे अपुरा पडतो? मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवते. इतिहासाचा एखादा धडा मुलांना घरी पुन्हा बघता यावा म्हणून बारा-पंधरा मिनिटांचे पाठ तयार करते. नकाशा, माझा आवाज, अधूनमधून फळा. एवढे लांब काम बोटाने चिमटीत धरून करायचे म्हणजे डोळ्यांना आणि मानेला शिक्षा. इथे लॅपटॉप हवाच. ज्यावर विंडोज ११ आहे त्यात 'क्लिपचॅम्प' आधीपासून असते. मायक्रोसॉफ्टने ते २०२१ मध्ये विकत घेतले. १०८०पीपर्यंतचा व्हिडिओ, म्हणजे घरच्या टीव्हीला पुरेसा स्पष्ट, त्यातून फुकट आणि शिक्क्याशिवाय निघतो. पडद्यावर दिसते ते आणि आपला आवाज एकदमच टिपून घेण्याची सोयही त्यात आहे, म्हणून शिकवणाऱ्या बायकांना मी तेच सांगते. जुना 'मूव्ही मेकर' मात्र शोधत बसू नका. मायक्रोसॉफ्टने तो जानेवारी २०१७ मध्येच बंद केला, आणि त्याच वर्षी त्या नावाने पैसे उकळणारे खोटे सॉफ्टवेअर पसरले होते.

घरातला लॅपटॉप ऑफिसचा असेल तर त्यावर काही नवे बसवायची परवानगी नसते, आणि ते योग्यच आहे. तिथे पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये. स्वतःचा साधा लॅपटॉप असेल तर 'शॉटकट' आणि 'केडेनलाइव्ह' ही दोन सॉफ्टवेअर खरोखरीची फुकट आहेत. जगभरचे लोक मिळून ती लिहितात; शिक्का नाही, वर्गणी नाही, उद्या पैसे मागतील ही धास्ती नाही. दिसायला जरा रुक्ष, पहिल्या दिवशी बिचकायला होते. दोन्हींत 'प्रॉक्सी' नावाची सोय आहे : मोठ्या फायलींच्या हलक्या नकला करून त्यांवर काम करायचे आणि शेवटी पदार्थ मात्र मूळ जिनसांतून बनवायचा. लॅपटॉप जुना असला की याने जीव भांड्यात पडतो.

बेळगावच्या एका वाचक भगिनींना मामंजींच्या पंच्याहत्तरीला जुन्या कॅसेटांतून अर्ध्या तासाचा व्हिडिओ करायचा आहे. वर्षातून, किंबहुना आयुष्यातून एकदा करायचे काम, त्यासाठी काही विकत घेऊ नका. पण घाई करा, ती सॉफ्टवेअरची नाही, कॅसेटची. चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होते, दमट हवेत तिला बुरशी धरते, आणि व्हीसीआर आता नवा मिळत नाही. फुनाई या शेवटच्या जपानी कंपनीने तो बनवणे जुलै २०१६ मध्ये थांबवले. तीन तासांची कॅसेट संगणकात उतरवायला पुरे तीन तास लागतात, हेही धरून चला. गावात अजून हे काम करणारा स्टुडिओ असेल तर त्याच्याकडून फायली करून घ्या, कॅसेट परत घ्या, आणि नुसते तुकडे वेगळे काढायचे असतील तर 'लॉसलेसकट' वापरा. ते चित्र पुन्हा दाबून बसवत नाही, जसेच्या तसे कापते. फोर-के वगैरेच्या मोहात पडू नका, कॅसेटमध्ये मुळात तेवढे बारकावे नसतातच. आणि माझी एक विनंती : त्यात गेलेल्या माणसांचे बोलणे असेल तर त्यावर सिनेमाचे गाणे चढवू नका. पार्श्वसंगीत काय, कुठेही मिळते. यूट्यूबवर टाकणार असाल तर सिनेगीतावर मालकी हक्काचा दावा लागतो तो वेगळाच; यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे.

राहता राहिली ज्यांच्या मुलामुलींना हाच धंदा करायचा आहे त्यांची पत्रे. "मुलगी म्हणते क्लासच्या आधीच प्रीमियर घेऊन द्या," असे एकीने लिहिले आहे. थांबा जरा. 'दा विंची रिझॉल्व्ह' हे ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचे सॉफ्टवेअर मोठमोठ्या सिनेमांचे रंग ठरवायला वापरतात आणि त्याची फुकटची आवृत्ती शिकायला पुरून उरते. कापणे, रंग, आवाज, सगळे एकाच छपराखाली. पुढची आवृत्ती हवीच झाली तर एकदा पैसे भरायचे, वर्गणी नाही. मात्र यंत्र दणकट लागते. १६ जीबी मेमरी आणि बरे ग्राफिक्स कार्ड नसेल तर ते अडखळते. म्हणजे इथे पैसा सॉफ्टवेअरवर नाही, यंत्रावर घालायचा. ज्या ऑफिसांत प्रीमियरच चालते तिथे नोकरी लागल्यावर ते ऑफिसच देईल. तोवर एकावर हात बसलेला असला की दुसरे काही दिवसांत येते. 'फायनल कट प्रो' अ‍ॅपलच्या यंत्रांवरच चालते, घरात मॅक नसेल तर त्याचा विचारच नको. मुलीने आधी रिझॉल्व्हवर दहा-दहा मिनिटांची पाच कामे पुरी करून दाखवावीत, मग बोलू.

एका पत्राचे उत्तर राहिले. चिपळूणच्या भगिनी विचारतात, चार जीबी मेमरीचा आठ वर्षांचा लॅपटॉप आहे, त्यावर काय चालेल? शॉटकट चालून बघा, 'प्रिव्ह्यू स्केलिंग' ३६० वर ठेवा आणि ब्राउझर बंद करून काम करा. तरी रडतखडत चालले तर कापाकाप मोबाइलवर करा आणि लॅपटॉपला सांभाळायचे काम द्या. १०८०पीचे मिनिटभराचे चित्रण फोनवर साधारण ६० ते १३० एमबी होते, म्हणजे तासाभराला चार ते आठ जीबी. मूळ फायली आठवड्याला एकदा तारीख घालून लॅपटॉपवर उतरवायच्या, महिन्याला एकदा पेनड्राइव्हवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवून ठेवू नका, तिथे व्हिडिओ दाबला जातो. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, दोन जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो.